तस्त

"किती?" डॉक्टरनं विचारलं.
दसूकचा सरकारी दवाखाना, रात्रीचे तीन,
बाबा स्ट्रेचरवर, गलाबिया छातीपाशी ओला, काळपट,
आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत.

आई म्हणाली, भाताचं वाडगं भरून.
हिलाल म्हणाला, दोन पेले असेल, चहाचे.
बसयूनी, ज्याच्या टुकटुकमधून आलो,
तो म्हणाला, बकरं कापल्यासारखं, डॉक्टर.
बाबा म्हणाले, काही नाही हो,
डाळिंब खाल्लं होतं.

डाळिंब आमच्या घरात महिनाभर आलेलं नाही.

परवाही उलटी झाली होती, थोडीशी,
कॉफीच्या गाळासारखी.
आईनं विचारलं, कॉफी प्यायलात कुठं?
बसयूनीकडे, म्हणाले.
बसयूनी आता खाली बघून मान हलवतो: नाही.
आणि चार दिवस शौचाला डांबर होत होतं,
हे आज कळलं, नर्सनं खोदून विचारल्यावर.
खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.
भीतीनं शिकवलं, सत्तरीला आल्यावर.

डॉक्टर नेर्मीन माझ्याच वयाची.
पोट दाबलं, डोळ्यांचा पिवळा रंग पाहिला,
मग मधेच: लहानपणी कालव्यात पोहायचात?

बाबांचा चेहरा असा उजळला
की वाटलं, बरेच झाले.
कालव्यात! रक्ताळल्या दातांनी सांगू लागले:
म्हशी धुवायच्या, पुलावरून उडी,
तळाशी जाऊन मूठभर चिखल वर आणायचा, पुरावा म्हणून.
ती लिहीत होती.
गोगलगायी, म्हणाली. त्यांच्यातून पाण्यात,
पाण्यातून कातडीत, कातडीतून यकृतात.
पन्नास वर्षं.

आणि शाळेतल्या त्या सुया, तो रोग घालवायच्या?
रांगेत पहिला मीच, बाबा म्हणाले.
सुई एक, दंड चाळीस.
मधे उकळायचे. कधी नाही उकळायचे.
मी रडलो नव्हतो.

यकृत दगड झालं, ती आम्हाला सांगत होती,
की रक्ताला पुढं जाता येत नाही, ते तुंबतं,
घशाखालच्या बारीक शिरांत शिरतं.
हे बाबांना कळलं, आम्हा सगळ्यांच्या आधी.
जन्मभर शेताला पाणी दिलेला माणूस.
बांध फुटला म्हणा की, ते म्हणाले,
आणि पुन्हा वाकले.

दुर्बीण घालायची, शिरांना रबरं बांधायची.
रबरं? आई म्हणाली. भाजीच्या जुडीला असतात तसली?
तसलीच, फार बारीक.
तेव्हा कुठं आई भिंतीला टेकून बसली.

मला कपडे आणायला घरी धाडलं.
उंबऱ्याशी तस्त तसंच होतं,
पांढरं, निळ्या काठाचं, आईच्या लग्नातलं.
ह्यात आम्ही न्हालो. ह्यात ईदचं पीठ मळलं.
रक्त गोठून थुलथुलत होतं,
कसायाकडच्या काळजासारखं.

ओतून दिलं. रेघ राहिली.

मग काय सुचलं कोण जाणे,
चहाचा पेला घेतला, नळाखाली धरला,
एक, दोन, तीन, रेघेपर्यंत.
बाहेर उजाडत होतं. कालव्यात पोरं उतरलीच होती.
ओरडायचं होतं त्यांच्यावर,
पण आकडा विसरेन म्हणून ओरडले नाही.
साडेसात.

परत आले तर नेर्मीनची पाळी संपलेली.
दुसरा डॉक्टर फाइल चाळत होता.
साडेसात, मी म्हटलं.
त्यानं वर पाहिलं. काय साडेसात?

हिलाल बाकावर, बाही वर सारून, दंडाला कापूस.
आत तिसरी पिशवी लागलेली.
बाबा दुर्बिणीतून नुकते आलेले, घसा बसलेला,
बोटानं जवळ बोलावलं.
मला वाटलं, पाणी मागतील.

तस्त धुतलं का? म्हणाले.
तुझ्या आईच्या नजरेला पडायला नको.

धुतलं, मी म्हटलं.